जखम भरते तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजक मंडळींनी महिन्यापूर्वी फोन केला, "तू आयुष्यभर हॉस्पिटलात काढलंस, आरोग्यावर वीस मिनिटं बोल." मी विचारलं, "कशावर बोलू? बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल?" तर पलीकडून उत्तर आलं, "ते रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतं. तू दुसरं काहीतरी सांग." म्हणून आज मी अशा एका गोष्टीबद्दल बोलणार आहे, जिच्याकडे मी ३३ वर्षं रोज बघत आले. ती म्हणजे जखम. शुगरचा विषय मात्र टळणार नाही, तो शेवटी येईलच.

ज्यांची आणि माझी दहावीनंतर आजच भेट होते आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. बारावीनंतर मी नर्सिंगला गेले आणि पालिकेच्या एका रुग्णालयात लागले. त्यातली बहुतेक वर्षं भाजलेल्या रुग्णांच्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात गेली. डॉक्टर ऑपरेशन करून पुढच्या पेशंटकडे जातात. जखमेजवळ रोज जाते ती सिस्टर. ती रोज पट्टी सोडते, बघते, साफ करते, पुन्हा बांधते. काल काय होतं आणि आज काय आहे, हे तिला नजरेने कळायला लागतं. ते मला जसं कळत गेलं, तसं तुम्हाला सांगते.

जखमा आपल्याला नवीन नाहीत. आपलं मैदान म्हणजे लाल माती आणि खडी. कबड्डीत गुडघा फुटला नाही असं कुणी आपल्या वर्गात असेल तर हात वर करावा. ऑफिसातल्या कपाटात टिंचर आयोडीनची बाटली असायची. शिपाईमामा कापसाचा बोळा बुडवून लावायचे आणि आपली किंकाळी दुसऱ्या मजल्यावर ऐकू जायची. आठ-दहा दिवसांनी खपली पडायची, खाली गुलाबी, नवी कातडी असायची. ती कुठून आली, कुणी आणली, हे आपण कधी विचारलं नाही. विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर त्वचेची आकृती काढली होती, आपण ती वहीत उतरवून पाच गुण मिळवले आणि विसरून गेलो.

त्या आकृतीतली एकच गोष्ट आज आठवायची आहे. त्वचेचे मुख्य दोन थर. वरचा थर पातळ, अंगावर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास. खालचा थर जाड, त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी. आणि वरच्या थरात स्वतःची एकही रक्तवाहिनी नाही. भाजी चिरताना सुरी नुसती घासून जाते, पापुद्रा निघतो, पण रक्त येत नाही. तेव्हा सुरी वरच्या थरातच थांबलेली असते.

आपल्यापैकी बरेच जण मेघवाडी, बांद्रेकरवाडी, मजासवाडीतल्या चाळींत वाढलो. वरच्या मजल्यावर नळ नाही, पाणी खालून भरून आणायचं, हे आपल्याला समजावून सांगायला नको. त्वचेच्या वरच्या मजल्याचं तेच आहे. तिथल्या पेशींना प्राणवायू आणि अन्न खालच्या थरातल्या केशवाहिन्यांतून झिरपत येतं. आपलं सगळं जग बाहेर ठेवणारी ही वरची त्वचा संपूर्णपणे खालच्या वाहिन्यांच्या जिवावर जगते.

आता जखम झाली की काय होतं ते बघा.

पहिल्या काही मिनिटांत तुटलेल्या वाहिन्या आवळल्या जातात, रक्तातल्या बिंबिका तिथे चिकटतात आणि तंतूंचं जाळं तयार होऊन रक्त गोठतं. रक्त थांबलं की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. थोड्याच वेळात आसपासच्या वाहिन्या उलट रुंद होतात. जखमेच्या कडा लाल होतात, गरम लागतात, सुजतात. घरचे घाबरतात. पण पहिल्या एक-दोन दिवसांतली ही थोडी सूज म्हणजे पांढऱ्या पेशी कामावर येत असल्याची खूण. जंतू मारणाऱ्या पेशी आधी येतात, त्यांच्यामागून मेलेलं सगळं खाऊन साफ करणाऱ्या मोठ्या भक्षक पेशी येतात.

त्याच सुमाराला जखमेच्या कडेच्या त्वचापेशी आपली जागा सोडतात. एरवी त्या एकमेकींना आणि खालच्या थराला घट्ट धरून असतात. आता ती पकड ढिली होते, पेशी चपट्या होतात आणि खपलीच्या खालून, ओलाव्याच्या कडेने, जखमेच्या मध्याकडे सरकू लागतात.

पण मध्ये जायचं कशावरून? तिथे तर खड्डा आहे, वाहिन्या तुटलेल्या आहेत, प्राणवायू पोचत नाही. इथे त्वचापेशी आणि रक्तवाहिन्या यांचं नातं दिसतं. प्राणवायू कमी पडला की त्वचेच्या कडेच्या पेशी आणि त्या भक्षक पेशी एक प्रथिन सोडतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला व्हीईजीएफ म्हणतात. मराठीत रक्तवाहिनीची वाढ करणारा घटक म्हणा. १९८३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना ते प्रथम सापडलं ते वाहिन्या झिरपत्या करणारं प्रथिन म्हणून. त्याच प्रथिनाने वाहिन्या वाढतात, हे १९८९ मध्ये कळलं. आणि १९९२ मध्ये असं दाखवलं गेलं की भरत असलेल्या जखमेत खुद्द त्वचापेशी ते तयार करतात. म्हणजे ज्या पेशींना स्वतःची वाहिनी नाही, त्याच वाहिन्यांना हाक मारतात.

ती हाक जवळच्या शाबूत केशवाहिनीपर्यंत पोचते. वाहिनीच्या आतल्या अस्तराची एक पेशी पुढे येते, बोटं काढल्यासारखी चाचपडत हाकेच्या दिशेने निघते. बाकीच्या तिच्या मागे रांगेत. ती रांग आतून पोकळ होते, समोरून येणाऱ्या दुसऱ्या फांदीला जाऊन मिळते, आणि त्यातून रक्त वाहू लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अशा असंख्य फांद्या त्या खड्ड्यात शिरतात. त्यांच्याबरोबर तंतू विणणाऱ्या पेशी येतात. खड्डा तळापासून भरू लागतो.

हे आम्हाला वॉर्डात उघड्या डोळ्यांनी दिसतं. जखमेचा तळ लालचुटुक आणि दाणेदार होतो, डाळिंबाचे दाणे बारीक करून पसरावेत तसा. प्रत्येक दाण्यात नव्या केशवाहिन्यांची गुंडाळी असते, म्हणून बोळा जरा जोरात लागला की तिथून रक्त येतं. राउंडला डॉक्टरांचा पहिला प्रश्न असायचा, "सिस्टर, जखम लाल आली का?" तळ फिकट, पिवळट किंवा बुळबुळीत असेल, तर वरून कितीही महाग मलम लावा, त्वचा पुढे सरकत नाही. तिला चालायला जमीनच नसते. वाहिन्या येतात त्वचेच्या हाकेवर, आणि त्वचा पुढे जाते वाहिन्यांनी तयार केलेल्या जमिनीवर.

या व्यवहाराचा शेवटही तितकाच शहाणपणाचा आहे. दोन्ही कडांकडून आलेल्या पेशी मध्यावर भेटल्या, वरचं पांघरूण पूर्ण झालं, की हाक मंदावते. मग गरजेपेक्षा जास्त झालेल्या वाहिन्या हळूहळू मिटून जातात. म्हणून नवा वण आधी लाल असतो आणि काही महिन्यांनी फिकट पडतो. पांघरूण यायला फार उशीर झाला तर हे आवरणं होत नाही आणि लाल मांस कडांच्या वर उतू आल्यासारखं वाढतं. भरलेल्या जागेची ताकद मात्र मूळ त्वचेइतकी कधीच होत नाही. तीन आठवड्यांनी ती जेमतेम एक पंचमांश असते, आणि सगळं नीट झालं तरी पुढे जाऊन साधारण ८० टक्क्यांपर्यंत पोचते. टाके काढल्यावर दुसऱ्या दिवशी गॅसचा सिलिंडर उचलू नका असं आम्ही सांगतो, ते यासाठी.

हे सगळं सूक्ष्मदर्शकाच्या जमान्यातलं ज्ञान वाटेल. पण आपल्या पुण्यात ते हाताला ठाऊक असलेली माणसं सव्वादोनशे वर्षांपूर्वी होती. ही गोष्ट मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना नेहमी सांगायची.

कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन पाहिलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात त्याचा वृत्तान्त कावसजीच्या चित्रासह छापून आला.

पद्धत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर ठेवायचा, त्याच्याभोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी कापून सोडवायची. पण पूर्ण सोडवायची नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. मग ती कातडी पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. कापडाच्या पट्ट्यांवर ओला कात लावून सांधे चिकटवायचे. हो, आपल्या विड्यातला कात. चार दिवस दुसरं काही लावायचं नाही. मग कात काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. आणि ती भुवयांमधली पट्टी कापायची साधारण पंचविसाव्या दिवशी.

त्या पंचविसाव्या दिवसात सगळं आलं. पहिल्या दिवसापासून कपाळाच्या कातडीला रक्त मिळत होतं ते त्या अरुंद पट्टीतून. दरम्यान नाकाच्या कडेच्या वाहिन्या नव्या कातडीत शिरत होत्या. तीन आठवड्यांच्या पुढे हा नवा पुरवठा पुरेसा होतो, मग जुनी पट्टी कापली तरी चालते. आधी कापली तर नाक काळं पडून गळून जाईल. त्या माणसाला व्हीईजीएफ माहीत नव्हतं, पण किती दिवस थांबायचं हे पक्कं माहीत होतं. तो वृत्तान्त वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. कपाळाच्या कातडीने नाक करायची पद्धत आजही जगभर वापरतात आणि पट्टी कापायला आजही साधारण तीन आठवडे थांबतात.

आमच्या वॉर्डात जास्त असायची ती दुसऱ्या प्रकारची कातडी. भाजलेल्या जागेवर बसवण्यासाठी मांडीवरून पापुद्र्यासारखी पातळ त्वचा काढतात. ती मात्र पूर्ण सुटी केलेली असते, तिला कुठली पट्टी जोडलेली नसते. मग ती जगते कशी? पहिले एक-दोन दिवस ती खालच्या जखमेतून पाझरणारं पाणी शोषून तग धरते. नंतर खालच्या वाहिन्यांची टोकं तिच्यातल्या वाहिन्यांच्या उघड्या तोंडांना जाऊन मिळतात, आणि आठवडा होईपर्यंत रक्त नीट खेळू लागतं. या काळात ती कातडी जागची जराशी सरकली किंवा तिच्याखाली रक्त साठलं, तर ते धागे जुळतच नाहीत. म्हणून आम्ही पेशंटला हलू देत नव्हतो. नातेवाईक आमच्यावर चिडायचे, "सिस्टर, फार कडक आहात." पाचव्या दिवशी पट्टी उघडायची. कातडी गुलाबी दिसली की पेशंटच्या आधी आम्हाला हसू यायचं.

त्या वॉर्डात बायका जास्त असायच्या. आपल्या लहानपणी प्रत्येक घरात पंपाचा स्टोव्ह होता. तो पेटवताना नायलॉनची साडी अंगावर असायची. स्टोव्ह भडकून भाजलेली एक तरी बाई आपल्यापैकी प्रत्येकाच्या चाळीत होती. काही वेळा तो स्टोव्ह खरंच भडकलेला असायचा आणि काही वेळा नाही, हेही इथे बसलेल्या प्रत्येकाला कळतं. ती कारणं शोधणं पोलिसांचं काम होतं. आमच्याकडे यायची ती जखम.

आणि त्या जखमेसाठी मुंबईच्या डॉक्टरांनी जे केलं त्याचा मला अभिमान आहे. पूर्वी भाजलेल्या जागेवर गॉज ठेवायचे. ते सुकून चिकटायचं. रोज सकाळी ओढून काढलं की पेशंट ओरडायचा, आणि गॉजबरोबर काय निघून यायचं? नुकत्याच सरकलेल्या त्वचापेशी आणि नुकत्याच फुटलेल्या वाहिन्या. कालचं सगळं काम उपटलं जायचं. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकराच्या पिल्लांवर दाखवलं होतं की उघडी टाकून सुकवलेल्या जखमेपेक्षा पातळ प्लास्टिकखाली ओलसर ठेवलेल्या जखमेवर त्वचा जवळपास दुप्पट वेगाने येते. पण तसली परदेशी ड्रेसिंग आपल्या गरीब पेशंटला परवडणार कशी?

परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर बसवून वापरल्या. १९८५ मध्ये त्यावरचा त्यांचा लेख आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांचं ड्रेसिंग करून पाहिलं. त्यांचे लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. केळीचं पान गुळगुळीत, मऊ, ओलावा धरून ठेवणारं, आणि मुख्य म्हणजे न चिकटणारं. पट्टी बदलताना वेदना फार कमी. ज्या पानावर आपण सणाला जेवतो तेच. आता कुणी घरी जाऊन परसातलं पान तोडून जखमेवर बांधू नका. रुग्णालयात ते निर्जंतुक करून वापरतात, तो भाग विसरायचा नाही.

२००० मध्ये सायनलाच त्वचापेढी सुरू झाली, तीही डॉ. गोरे यांच्या पुढाकाराने. माणूस निम्म्याहून अधिक भाजला असेल तर त्याच्या अंगावर कातडी काढायला जागाच उरत नाही. अशा वेळी दान केलेली त्वचा वर घालतात. शरीर ती परकी म्हणून काही आठवड्यांत टाकून देतं. पण तेवढ्या दिवसांत खालचा ओलावा टिकतो, जंतूंना वाट मिळत नाही, खालची लाल जमीन तयार राहते आणि पेशंट जगतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घेता येते. रक्तगट जुळावा लागत नाही. मांड्या, पाय आणि पाठ इथला अगदी पातळ थर घेतात, देह विद्रूप होत नाही. बीपी किंवा मधुमेह असलेल्यांनाही देता येते. नेत्रदानाचा फॉर्म आपल्यातल्या बऱ्याच जणांनी भरला आहे, त्याच्या शेजारी हा दुसराही घरच्यांना सांगून ठेवा.

भाजल्यावर घरी काय करायचं तेही एका वाक्यात सांगते. भाजलेली जागा २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायची. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद नको, तूपही नको. कावसजीचं तूप पाचव्या दिवशी होतं, पहिल्या मिनिटाला नव्हतं. भाजलेल्या जागेच्या मध्ये पेशी मेलेल्या असतात. पण त्याच्या भोवती एक कडं असतं जिथे वाहिन्यांतलं रक्त मंदावलेलं असतं, बंद पडलेलं नसतं. ब्रिटिश सर्जन डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये हे कडं दाखवून दिलं. पुढच्या एक-दोन दिवसांत ते जगू शकतं किंवा मरू शकतं. पाण्याने वाचवायचं असतं ते हे कडं.

आता मी ज्यासाठी खरं म्हणजे उभी राहिले त्याकडे येते.

आपल्या वर्गाचा गोलकीपर इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याच्या परवानगीने सांगते. तो म्हणाला, नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग. नाव सगळ्यांना माहीतच आहे. बारा वर्षं त्याला मधुमेह होता. गोळ्या कधी घ्यायचा, कधी नाही. पुतण्याच्या लग्नात नवे चामड्याचे बूट घालून दोन दिवस उभा होता. रात्री मोजा काढला तर तो अंगठ्याशी चिकटलेला, रक्ताचा डाग. दुखत नव्हतं. त्याने पावडर टाकली, पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला. तीन आठवडे तो त्या पायावर चालत होता. मग वास यायला लागला, ताप आला. आधी दोन बोटं गेली. नंतर गुडघ्याखालचा पाय. मी भेटायला गेले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दुखलं असतं तर मी पहिल्याच दिवशी आलो असतो."

मैदानात खडीवर फुटलेले त्याचे गुडघे आठ दिवसांत बरे व्हायचे. मग साठीला आलेल्या त्याच माणसाच्या अंगठ्याची जखम का भरली नाही? मघापासून सांगितलं ते सगळं इथे लावून बघा. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या अरुंद होतात. जखमेच्या कडेच्या त्वचापेशी जाड होऊन जागीच बसून राहतात. भक्षक पेशी साफसफाईतच अडकतात, पुढचं काम सुरू होत नाही. व्हीईजीएफ कमी तयार होतं. हाक मंद, आणि ऐकणाराही थकलेला. तळ लाल येत नाही, म्हणून कड पुढे सरकत नाही. आणि मज्जातंतू बधिर झाल्यामुळे हे सगळं घडत असताना माणसाला काही कळत नाही.

त्यात तो चालत होता. नव्या केशवाहिन्या किती नाजूक असतात ते सांगितलंच. प्रत्येक पावलाला सगळ्या अंगाचा भार त्यांच्यावर पडतो. वेलूरला डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये आले आणि कुष्ठरुग्णांच्या पायांवर त्यांनी काम केलं. त्या पायांच्या जखमा रोगामुळे भरत नाहीत असं तेव्हा मानत. त्यांच्या लक्षात आलं की वेदना नसल्यामुळे माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पाय प्लास्टरमध्ये घालून भार काढून घेतला, तर त्याच जखमा भरतात. आज मधुमेहाच्या पायालाही तोच उपाय वापरतात. भार काढणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

तंबाखूचं वेगळं भाषण देत नाही. निकोटीनने केशवाहिन्या आवळतात, आणि विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. जखमेला गरज आहे ती नेमकी या दोन गोष्टींची. प्लास्टिक सर्जन ऑपरेशनच्या आधी काही आठवडे सिगारेट बंद करायला लावतात, ते उगाच नाही.

मित्रमैत्रिणींनो, या सभागृहात मधुमेह असलेले किती आहेत हे मी विचारणार नाही. जेवणाच्या रांगेत गुलाबजाम कोण सोडतं त्यावरून कळेलच, आणि कोण सोडत नाही त्यावरून जास्त कळेल. तुम्हाला माझं सांगणं एवढंच: रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, किंवा नवऱ्याला, बायकोला, नातवाला सांगा. भेग, फोड, घट्टा, काळा डाग, ओलसरपणा, काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून सोडू नका. मधुमेहात न दुखणारी जखम जास्त धोक्याची. भोवरी ब्लेडने कापू नका. पाय गरम पाण्यात बुडवण्यापूर्वी पाणी हाताने किंवा कोपराने बघा. अनवाणी देवळाच्या पायऱ्या चढायच्या असतील तर दुपारच्या उन्हात नको. नवे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि पहिले काही दिवस तासभरच घाला. आणि जखम झालीच, तर त्या पायावर भार देणं बंद करून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा.

मी येताना पर्समध्ये नायलॉनचा एक तंतू आणला आहे. तो तळव्यावर टेकवून दाबला की दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. डोळे मिटून बसायचं आणि स्पर्श कळला की "हो" म्हणायचं. ज्या ठिकाणी कळत नाही, तिथली संवेदना कमी झाली आहे असं समजून डॉक्टरांकडे जायचं. दुखत नाही, सुई नाही, एका पायाला दोन मिनिटं. जेवणानंतर मी सातवी 'ब'च्या वर्गात, बाईंच्या टेबलापाशी बसणार आहे. गोलकीपर दारात बसून नंबर देणार आहे, त्याने स्वतः ते काम मागून घेतलं आहे. गुरुजनांना आधी, मग बाकीच्यांना. ज्यांना मधुमेह नाही त्यांनीही या, कारण तो नाही हे तुम्हाला माहीत आहे की तपासलेलंच नाही, हेही विचारायचं आहे.

तेव्हा चपला बाहेर काढून, मोजे खिशात घालून या. आणि कृपा करून पाय धुऊन या.